डार्ट्समध्ये हात बसत नाही? आधी भिंतीवरचे माप तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अपार्टमेंटचे क्लबहाऊस, कॉलेजची होस्टेल, कार्यालयातली जेवणाची खोली अशा ठिकाणी आता कॅरमच्या शेजारी डार्टबोर्डही लटकलेला दिसतो. ल्यूक लिटलर हा १७ वर्षांचा मुलगा जानेवारी २०२५ मध्ये लंडनला विश्वविजेता झाला, तेव्हापासून शाळकरी मुलांनाही या खेळाचे कुतूहल वाटू लागले आहे. हौशी खेळाडूंची तक्रार मात्र सगळीकडे सारखीच: एक दिवस नेम लागतो, दुसऱ्या दिवशी तोच हात परका होतो. यावर सल्लाही ठरलेला, ‘रोज खेळा, हात बसेल.’ हा सल्ला अर्धाच खरा आहे. चुकीच्या मापावर रोज खेळले तर चूकच अंगवळणी पडते.

म्हणून सुरुवात भिंतीपासून करावी. बुलचा, म्हणजे बोर्डाच्या मध्यबिंदूचा, जमिनीपासून उंचीचा आंतरराष्ट्रीय आकडा १.७३ मीटर आहे. उभे राहायची रेषा बोर्डाच्या दर्शनी पृष्ठापासून २.३७ मीटरवर असते. इथे दोन चुका हमखास होतात. पहिली, टेप भिंतीला लावून मोजणे. बोर्डाची जाडी आणि मागची पट्टी मिळून ४-५ सेंटिमीटर जातात, तेवढे आपण बोर्डाच्या जवळ उभे राहतो. बोर्डाच्या पृष्ठावरून ओळंबा सोडून तो जमिनीला जिथे टेकेल तिथून मोजावे. दुसरी चूक गच्चीवर किंवा जुन्या घराच्या ओसरीवर होते. पाणी वाहून जावे म्हणून तिथल्या जमिनीला उतार दिलेला असतो, त्यामुळे बोर्डाखालची जमीन आणि पायाखालची जमीन एका पातळीत नसते. अशा वेळी १.७३ मीटर ही उंची रेषेच्या पातळीपासून धरावी, गवंड्याची पाण्याची नळी त्यासाठी पुरते. शेवटी बुलपासून रेषेपर्यंत तिरका न ताणणारा दोरा धरून बघावा, तो २.९३ मीटर भरला तर दोन्ही मापे बरोबर आहेत. प्लॅस्टिक टोकाच्या इलेक्ट्रॉनिक बोर्डासाठी अंतर २.४४ मीटर असते. घरी एक आणि क्लबमध्ये दुसरा बोर्ड असेल तर हा फरक माहीत हवा, नाहीतर दोन्हीकडे हात बिघडतो.

चांगला बोर्ड घायपाताच्या धाग्यांचा असतो. टोक धागे बाजूला सारून आत शिरते आणि डार्ट काढला की धागे पुन्हा मिटतात. खेळण्यांच्या दुकानातला कागदाच्या गुंडाळीचा बोर्ड असा मिटत नाही. महिन्याभरात २० च्या आसपास खड्डा पडतो, डार्ट गळू लागतात आणि खेळणारा नकळत जोर वाढवतो. बोर्डावर पाणी शिंपडण्याचा सल्ला अजूनही ऐकू येतो. तो जुन्या लाकडी बोर्डांसाठी होता. घायपाताचा बोर्ड भिजला की फुगतो, तारा उचलल्या जातात आणि तो कायमचा वाया जातो. नागपूरकरांसाठी हे विशेष महत्त्वाचे, कारण आपल्याकडे एप्रिल-मे म्हणजे कूलर. कूलरच्या झोतात लावलेला बोर्ड दिवसभर ओल शोषतो. शिवाय तो झोत २० ग्रॅमच्या डार्टला आडवा लागला तर शेपटाकडचे पंख हवा पकडतात आणि डार्ट एका बाजूला सरकतो. खेळाडू मात्र आपला कोपर तपासत बसतो. बोर्ड कूलरच्या समोरच्या भिंतीवर लावू नये, दुपारचे ऊन खाणाऱ्या पश्चिमेच्या भिंतीवर लावू नये, पावसाळ्यात ओल धरणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर तर नकोच. मे महिन्यात सरावाची वेळ सकाळी ७ च्या आत किंवा रात्री ९ नंतर ठेवावी, म्हणजे कूलर बंद ठेवूनही हाताला घाम कमी येतो. खांद्यावर दुपट्टा असतोच. दर ३ डार्टांनंतर बोटे पुसायची सवय लावली तर पकड बदलत नाही. डिसेंबरच्या सकाळी उलट घडते, कोरडी पडलेली बोटे बॅरलवरून, म्हणजे डार्टच्या धरायच्या धातूच्या भागावरून, निसटतात. तेव्हा हात कोमट पाण्याने धुऊन पुसून मगच सुरुवात करावी.

आठवड्याला एकदा बोर्डाची आकड्यांची कडी काढून बोर्ड २ फाका, म्हणजे आकड्यांचे २ निमुळते भाग, फिरवावा, म्हणजे झीज सगळीकडे वाटली जाते. एकच फाक फिरवली तर २० ची काळी फाक पांढरी होते. म्हणून फिरवणे नेहमी २, ४, ६ असे. उजेड दोन्ही बाजूंनी हवा. डोक्यावर एकच दिवा असेल तर पहिल्या डार्टची सावली नेमकी ट्रिपलवर, म्हणजे तिप्पट गुणांच्या आतल्या अरुंद पट्टीवर, पडते. बोर्डाखाली जाड रबराची मॅट टाकावी. फरशीवर पडून टोकाला धार आली किंवा कड उलटली तर ते टोक धागे तोडते. बारीक पॉलिश पेपरवर टोक गोल फिरवून घासले की काम भागते. सुईसारखे टोकदार मात्र करू नये.

आता हाताकडे. कुठली चूक कशामुळे होते हे कळल्याशिवाय सरावाला दिशा येत नाही, आणि हे कळायला थोडा हिशेब पुरतो. हातातून सुटल्यावर डार्ट साधारण २ मीटर जातो. वेग सेकंदाला ६ मीटर धरला तर हा प्रवास सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याचा, आणि तेवढ्यात डार्ट अर्ध्या मीटरपेक्षा थोडा जास्त खाली येतो. वेग फक्त ५ टक्क्यांनी कमी पडला तर तो आणखी सुमारे ६ सेंटिमीटर खाली लागतो. ट्रिपलची पट्टी रुंदीला ८ मिलिमीटर आहे! म्हणजे वर-खाली होणारी चूक ही बहुतेक वेळा नेमाची नसते. ती वेगाची असते किंवा डार्ट सोडण्याच्या क्षणाची. हात दर वेळी एकाच जागेपर्यंत मागे येतो का, हे आधी पाहावे: हनुवटी, गाल किंवा डोळ्याची बाहेरची कड, जे जमेल ते, पण एकच. पुढे जाताना हात अर्ध्यावर थांबवू नये. बोटे लक्ष्याकडे रोखलेली राहतील इतका तो लांब जाऊ द्यावा. थकल्यावर हात आधी इथेच आखडतो, म्हणून सरावाच्या शेवटी डार्ट खाली पडू लागतात.

डावी-उजवीकडची चूक वेगळ्या घरची. ती पायांतून, कोपरातून किंवा बोटांतून येते. ट्रिपलपाशी २० च्या फाकेची रुंदी सुमारे ३२ मिलिमीटर आहे, म्हणजे मधून १६ मिलिमीटर सरकले की शेजारचे १ किंवा ५. उजव्या हाताने फेकणाऱ्याने उजवा पाय रेषेपाशी तिरका ठेवावा, वजनाचा मोठा भाग त्याच पायावर द्यावा आणि मागचा पाय नुसता टेकवावा. फेकताना मागची टाच उचलून झुकले की प्रत्येक डार्टला अंतर वेगळे पडते. पुढच्या पायाचा अंगठा रेषेवर जिथे येतो तिथे पांढऱ्या चिकटपट्टीची खूण करावी. ही अडीच सेंटिमीटरची पट्टी महागड्या डार्टांपेक्षा जास्त उपयोगी पडते. कोपर बाहेर फाकला की हात सरळ न जाता कमानीत फिरतो. मनगट, कोपर आणि लक्ष्य एका उभ्या पातळीत आहेत का, हे स्वतःला दिसत नाही. मोबाइल मागे उभा करून १० फेकी चित्रित कराव्यात आणि त्या संथ गतीने पाहाव्यात.

पकडीत तीन बोटे तरी असावीत. डार्ट एका बोटावर आडवा तोलून गुरुत्वमध्य शोधावा आणि त्या जागी किंवा किंचित मागे धरावे. नखांखालची कातडी पांढरी पडत असेल तर पकड फार घट्ट आहे: सोडताना एक बोट उशिरा सुटते, तेच डार्टला बाजूला ओढते आणि डार्ट हवेत डुलत जातो. डुलणे शाफ्ट, म्हणजे बॅरल आणि पंख यांमधली दांडी, आणि पंखांमुळेही होते. पंख मोठे असले की डार्ट लवकर स्थिरावतो, नवख्याला हेच सोयीचे. कडा फाटलेले पंख बदलावेत आणि शाफ्ट प्रत्येक डावानंतर बोटाने आवळावा, कारण तो हळूहळू सैल होतो आणि कळतही नाही. पितळी डार्ट जाड असतात, ट्रिपलमध्ये तीन बसताना एकमेकांना आडवे येतात. टंगस्टन त्याच वजनाला बारीक होते. तरी शिकताना २२ ते २४ ग्रॅमचा साधा संचही पुरतो. खरे नुकसान होते ते दर पंधरवड्याला संच बदलल्याने. बदल करायचाच तर एक वेळी एकच, आणि त्याला ३ आठवडे द्यावेत.

आता सरावाची मोजणी, आणि इथे आपण हौशी लोक सर्वांत जास्त फसतो. एका खेळाडूच्या तीन-तीन डार्टांच्या चार फेऱ्यांचे गुण १००, २६, ७३, २६. दुसऱ्याच्या ६०, ४५, ६०, ६०. दोघांचीही बेरीज २२५, सरासरी ५६.२५. पण पहिल्याच्या हाताबद्दल या सरासरीतून काहीच कळत नाही, तर दुसऱ्याचे जवळपास सगळे डार्ट २० च्या फाकेत राहताहेत आणि फक्त ट्रिपलची उंची साधायची बाकी आहे. सुधारणा दुसऱ्याची लवकर होते. म्हणून गुणांऐवजी विखुरणे नोंदवावे. वहीत ३३ फेऱ्या, म्हणजे ९९ डार्ट, २० वर फेकावेत आणि चुकलेल्या प्रत्येकापुढे वर, खाली, डावे, उजवे एवढेच लिहावे. तिन्ही डार्ट एकत्र पण चुकीच्या जागी लागले तर हात उत्तम आहे, नेम किंवा उभी जागा थोडी सरकवायची. तीन डार्ट तीन दिशांना गेले तर नेम बदलून काहीही साधत नाही. पकड आणि पाय तपासायचे. एका डार्टवरून कधीच दुरुस्ती करू नये.

हात फार विखुरलेला असेल तर २० चा मोहही काही दिवस सोडावा. २० च्या शेजारी १ आणि ५ आहेत. १९ च्या शेजारी ३ आणि ७, तर १४ च्या शेजारी ११ आणि ९. बोर्डाच्या डाव्या बाजूला चुकलेला डार्टही काहीतरी देऊन जातो, आणि मन स्थिर राहते.

वेळ रोज २५-३० मिनिटे पुरे. रविवारी सलग तीन तास खेळणाऱ्याचा कोपर दुखतो आणि सवय थकलेल्या हाताची लागते. पहिले १५ डार्ट लक्ष्याशिवाय, फक्त एकत्र पडावेत म्हणून. मग वरची ९९ ची वही. त्यानंतर डबल, म्हणजे दुप्पट गुणांची बाहेरची पट्टी, कारण ५०१ पासून गुण वजा करत नेमके शून्यावर यायचा ५०१ चा डाव डबलवरच संपतो आणि हौशी खेळाडू नेमका तोच सराव टाळतात. त्यासाठी ‘बॉब्ज ट्वेंटी सेव्हन’ फार चांगला: २७ गुणांनी सुरुवात, डबल १ वर ३ डार्ट. लागलेल्या प्रत्येक डार्टचे २ गुण मिळवायचे, तिन्ही चुकले तर २ वजा. मग डबल २ वर ४ मिळवायचे किंवा ४ वजा, असे २० पर्यंत आणि शेवटी बुल. गुण शून्यावर किंवा खाली आले की डाव संपला. शेवटी ५०१ चे दोन डाव खेळून किती डार्ट लागले ते लिहावे. ३० लागले तर तीन डार्टांची सरासरी ५०.१.

डाव संपवताना ३२ उरवण्याची सवय लावावी. डबल १६ आतल्या बाजूला चुकला तर १६ उरतात, म्हणजे डबल ८; पुन्हा आत चुकला तर ८, मग ४, मग २. बाहेर चुकला तर ३२ तसेच राहतात. डबल १९ आत चुकला की १९ उरतात आणि सम आकड्यावर यायला एक डार्ट जातो. ४१ उरले असतील तर ९ मारून ३२ वर यावे. हे आकडे फेकण्याआधी ठरलेले असावेत. रेषेवर उभे राहून बेरीज-वजाबाकी केली की लय तुटते. डबल समोर दिसला की बहुतेकांचा हात एकदम जपून, हळू चालतो, आणि हळू म्हणजे खाली, हे वर आलेच आहे. सुटणाऱ्या बोटांवरच लक्ष खिळवू नये. पाच वेळा विश्वविजेता झालेल्या एरिक ब्रिस्टोलाही पुढे डार्ट हातातून सोडता येईना, इतका हा भाग नाजूक आहे. नजर डबलच्या तारेवर, श्वास सोडता सोडता फेक, तिन्ही डार्टांना तीच लय.

संपादक महोदय, आपल्या क्रीडापानावर १.७३, २.३७ आणि २.९३ मीटरची साधी आकृती एकदा छापावी, ही विनंती. क्लबहाऊस आणि होस्टेलच्या समित्यांनी ती सुताराच्या हाती द्यावी. त्याला दोन गोष्टी आणखी सांगाव्यात: बोर्डाभोवती भिंत झाकेल इतके मऊ कडे बसवायचे, आणि ज्या भिंतीला दार आहे तिथे बोर्ड लावायचा नाही. दार उघडून आत येणारे मूल बरोबर डार्टच्या वाटेत येते.

आपला,
एक वाचक,
धरमपेठ, नागपूर