बिबट्याची वाट सातबाऱ्यावर चढवा : वनमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. वनमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

विषय : अभयारण्यांच्या हद्दीबाहेरील सरकारी जमिनींवरच्या वन्यजीव अधिवासाला कायद्याचं संरक्षण मिळण्याबाबत

महोदय,
सप्रेम नमस्कार.

मागणी आधी सांगून टाकतो, म्हणजे पत्र पुढे वाचायचं की दुसऱ्या टेबलावर सरकवायचं हे आपल्या कार्यालयाला लगेच ठरवता येईल. ठाणे, पालघर आणि रायगड जिल्ह्यांत राष्ट्रीय उद्यानाच्या आणि अभयारण्यांच्या हद्दीबाहेर, पण सरकारच्याच मालकीच्या कितीतरी जमिनींवर वन्यप्राणी राहतात, तिथून ये-जा करतात. या जमिनींसाठी राज्याचा स्वतंत्र कायदा करा. आणि त्या कायद्याला सर्व्हे नंबरांसह नकाशा जोडा. नकाशा जोडायचा नसेल तर कायदाही राहू द्या. नुसत्या शब्दांचे कायदे आपल्याकडे पुष्कळ आहेत.

संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०३ चौरस किलोमीटरचं. वसईच्या खाडीपलीकडे ८५ चौरस किलोमीटरचं तुंगारेश्वर अभयारण्य, २००३ साली जाहीर झालेलं. नकाशात दोन्ही अगदी शेजारी-शेजारी दिसतात. जमिनीवर मात्र आधी घोडबंदर रस्ता लागतो. मग खाडी. खाडी ओलांडली की नागला ब्लॉक, म्हणजे उद्यानाचाच खाडीने तोडलेला तुकडा, मग ससूनवघर, मालजीपाडा, कामण ही गावं, दिवा-वसई रेल्वे आणि चिंचोटी-कामण-भिवंडी रस्त्यावरची अवजड वाहतूक. या पट्ट्यातली जमीन कुठे राखीव वन आहे, कुठे महसूल खात्याची, कुठे खाजगी. प्रत्येक तुकड्याचा साहेब वेगळा. ही सगळी मिळून एक वाट आहे, हे मात्र कुठल्याच दप्तरात लिहिलेलं नाही.

ती वाट आहे हे एका बिबट्याने चालून दाखवलं. २००९ मध्ये नगर जिल्ह्यातल्या टाकळी ढोकेश्वर इथे पकडलेल्या एका वयस्क नराला आपल्याच खात्याने आणि संशोधक विद्या अत्रेय यांच्या चमूने रेडिओ कॉलर लावून माळशेज घाटात सोडलं. त्याला सगळे ‘आजोबा’ म्हणत. आजोबा निघाला तो कसाऱ्याकडून, महामार्ग आणि रेल्वे ओलांडत, तुंगारेश्वरच्या बाजूने, शेवटी खाडी पोहून उद्यानात आला. सुमारे १२० किलोमीटरचा प्रवास झाला आणि वाटेत त्याने एकाही माणसाला इजा केल्याची नोंद नाही. २०११ च्या डिसेंबरात तो उद्यानाजवळच्या हमरस्त्यावर वाहनाच्या धडकेने मेला. म्हणजे शास्त्रीय पुरावा आपल्याच खात्याच्या हातात येऊन दशक उलटून गेलं. या काळात रस्ते रुंद झाले, गायमुखच्या पुढे बोगद्याचे आणि उन्नत मार्गाचे आराखडे आले. त्या वाटेला कायद्यातलं एक कलमही लाभलं नाही.

उद्यानात आज पन्नासच्या आसपास बिबटे असल्याचं खात्याचीच कॅमेरा ट्रॅपची गणना सांगते. एवढ्याशा जंगलात ही संख्या दाटीचीच आहे. पिल्लू दीड-दोन वर्षांचं झालं की आईपासून सुटतं आणि तरुण नराला स्वतःचा इलाका शोधायला लांब जावंच लागतं. उत्तरेची वाट बंद झाली तर तो दक्षिणेला किंवा पूर्वेला जाईल. तिकडे आमच्या सोसायट्यांच्या कंपाउंड भिंती आहेत. त्यानंतर बातम्यांमध्ये ‘बिबट्या शहरात घुसला’ असं येतं आणि आपल्या बचाव पथकाला जाळं घेऊन धावावं लागतं.

पकडून दुसरीकडे सोडणं हा उपाय लोकांना पटकन पटतो. सध्या पुणे आणि अहिल्यानगरकडच्या हल्ल्यांमुळे आपल्यावर तोच दबाव असणार, आणि ज्या घरातलं मूल गेलं तिथे अधिवासाच्या गप्पा मारायला मी जाणार नाही. पण जुन्नरचा अनुभव महाराष्ट्राच्याच मातीतला आहे. तिथे २००१ पासून शंभरावर बिबटे पकडून जंगलांत नेऊन सोडले गेले. माणसांवरचे हल्ले त्याआधी वर्षाला सरासरी ४ होते, ते १७ वर गेले. या आकड्यांवर बोट ठेवून आपण विधानसभेत निर्धास्त बोलू शकता.

आता कायदे आहेत तेवढे पुरेसे नाहीत का, असं आपले सचिव विचारतील. वाघ असता तर पुरले असते. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम ३८-ओ मध्ये व्याघ्र प्रकल्पांना जोडणाऱ्या क्षेत्रांचा स्पष्ट उल्लेख आहे. बिबट्याच्या वाटेला तसं कलम नाही. उद्यानाभोवतीचं पर्यावरण संवेदनक्षेत्र २०१६ साली अधिसूचित झालं, ते कडेच्या बांधकामावर नियंत्रण ठेवतं. त्या क्षेत्राबाहेर काय होतं याच्याशी त्याला देणंघेणं नाही. राज्याचा १९७५ चा वृक्ष कायदा झाडं मोजतो. झाड तोडलं की बदल्यात रोपं लावायची, तीही बऱ्याचदा भलत्याच ठिकाणी. रोपं जगली असं गृहीत धरलं तरी त्या खोडामागे दडून रस्ता ओलांडणाऱ्या प्राण्याला त्यांचा काय उपयोग? राहिला वन संवर्धन कायदा. सर्वोच्च न्यायालयाच्या १२ डिसेंबर १९९६ च्या गोदावर्मन आदेशाने शब्दकोशातल्या अर्थाने जे वन ते वन, असं ठरलं होतं. २०२३ च्या दुरुस्तीने ते आवळलं आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला अंतरिम आदेश देऊन जुनी व्याख्या पुन्हा लागू करावी लागली. अंतरिम आदेशावर किती काळ विसंबायचं?

एक कलम मात्र उपयोगाचं आहे आणि ते आपल्याच हातात आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या कलम ३६-अ नुसार सरकारी मालकीची जमीन, विशेषतः एका संरक्षित क्षेत्राला दुसऱ्याशी जोडणारी, स्थानिकांशी सल्लामसलत करून संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून जाहीर करता येते. आपल्या राज्याने २०२० मध्ये तिलारीला हाच दर्जा दिला. सह्याद्रीत त्यानंतरही असे काही पट्टे जाहीर झाले. सिंधुदुर्ग-कोल्हापुरात जे जमलं ते नागला-तुंगारेश्वरला का जमू नये? जागेचा भाव हे त्याचं उत्तर आहे, आणि ते आपल्याला माझ्याहून चांगलं ठाऊक आहे.

तरीही ३६-अ वर थांबू नका. या कलमाला अभयारण्याची काही कलमं लागू केली आहेत, पण अधिवास नष्ट करण्यास मनाई करणारं कलम २९ त्यांत नाही. शिकार करता येणार नाही, आग लावता येणार नाही. पण जमीनच दुसऱ्या कामाला दिली तर अडवणारं काही नाही. ही फट राज्याने भरायला हवी. वने आणि वन्यप्राणी हे विषय १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने समवर्ती सूचीत गेले, त्यामुळे विधिमंडळाला अधिकार आहे. केंद्राच्या कायद्याशी कुठे विसंगती आली तर अनुच्छेद २५४(२) खाली राष्ट्रपतींची संमती घेण्याची वाटही आहे.

नकाशाचा आग्रह का, तर खाजगी वनांचा इतिहास आठवा. पन्नासच्या दशकातल्या वन कायद्याखालच्या नोटिसा, १९७५ चा खाजगी वनं संपादन करण्याचा कायदा, आणि सातबाऱ्यावर ‘खाजगी वन’ अशा नोंदी चढू लागल्या त्या विसाव्या शतकाचं दप्तर बंद झाल्यावर. तोवर मुलुंडमध्ये, ठाण्यात इमारती उभ्या राहिल्या होत्या. परवानग्या होत्या, बँकांची कर्जं होती, माणसं राहायला आली होती. ३० जानेवारी २०१४ ला गोदरेज प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने शासनाच्या विरोधात निकाल दिला. नोटीस नुसती काढून भागत नाही, ती बजावली पाहिजे, असं सांगितलं. जंगल गेलं ते गेलंच, वर हजारो कुटुंबांची झोप उडाली. ठाण्यात घर घेताना वकील आजही तो निकाल काढून दाखवतात. वेळेवर एक नोंद झाली असती तर दोन्ही बाजू सुटल्या असत्या. म्हणून म्हणतो, प्राण्यांची वाट म्हणून ठरलेली प्रत्येक सरकारी जमीन सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ रकान्यात किंवा मिळकत पत्रिकेवर तशी दिसली पाहिजे, आणि नगररचनेच्या एमआरटीपी कायद्याखालच्या विकास आराखड्यांत तिचा वेगळा विभाग असला पाहिजे. आज ती ‘ना-विकास’ असते, आणि ‘ना-विकास’मधला ‘ना’ कधी गळून पडतो ते कळतही नाही.

नवी मुंबईची गोष्टही हीच आहे, फक्त तिथे जंगलाऐवजी पाणी आहे. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ चं, २०२२ पासून रामसर स्थळही, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ. पण भरतीत खाडीचा चिखल बुडाला की फ्लेमिंगो उठतात आणि नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळींवर जाऊन बसतात. त्या पाणथळी अभयारण्याच्या बाहेर. २०२४ मध्ये त्यांतल्याच डीपीएस तलावात भरतीचं पाणी येईना, तेव्हा फ्लेमिंगो मेले हे आपण जाणताच. त्या तलावाला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा देण्याची घोषणा २०२५ मध्ये झाली याचं मनापासून स्वागत आहे. पण एकेका तळ्यासाठी आंदोलन, न्यायालय, मग घोषणा, हा मार्ग फार खर्चिक आहे. खारफुटीचंच बघा. सरकारी जमिनीवरची कांदळवनं वनखात्याकडे सोपवा, असं उच्च न्यायालयाने १७ सप्टेंबर २०१८ ला सांगितलं. हस्तांतराचा घोळ त्यानंतरही वर्षानुवर्षं चालूच राहिला. त्या कांदळवनांत सोनेरी कोल्हे राहतात, आणि वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या २०२२ च्या दुरुस्तीने कोल्हा सर्वाधिक संरक्षणाच्या पहिल्या अनुसूचीत गेला आहे. वाघाच्या पंक्तीला बसलेल्या प्राण्याचं घर कुठल्या प्राधिकरणाच्या ताब्यात आहे यावर पत्रव्यवहार चालावा, हे काही शोभत नाही.

रस्त्यांबद्दल गैरसमज नको. घोडबंदरच्या कोंडीत मीही अडकतो, त्यामुळे रस्ते नकोत असं म्हणण्याची माझी प्राज्ञा नाही. पेंचमधून जाणाऱ्या नागपूर-सिवनी महामार्गावर प्राण्यांसाठी ९ भुयारी आणि उन्नत मार्ग बांधले, त्यातला एक तब्बल ७५० मीटरचा, आणि वाघांसह प्राणी त्याखालून जातात हे कॅमेऱ्यांत दिसलं आहे. ते कोर्टकचेरीनंतर झालं. आमच्याकडे कायद्यानेच व्हावं : या पट्ट्यातला रस्ता, लोहमार्ग वा उन्नत मार्ग असो, ओलांडण्याची सोय मूळ अंदाजपत्रकात नसेल तर निविदाच काढता येणार नाही.

आणि उद्यानाच्या ठाण्याकडच्या बाजूचे येऊरचे पाडे. पाटोणपाडा, जांभुळपाडा, वनीचा पाडा इथली वारली माणसं वाघोबाला पुजत आली आहेत. बिबट्यासोबत कसं राहायचं हे त्यांना शिकवावं लागत नाही. संरक्षणाचा कायदा आला की पहिली टाच त्यांच्या झोपड्यांवर येते आणि रात्री डीजे वाजवणारे बंगले मात्र तसेच राहतात. तसं पुन्हा होऊ देऊ नका. २००६ च्या वनहक्क कायद्याखालचे दावे निकाली काढल्याशिवाय एकाही घराला हात लावायचा नाही, असं विधेयकातच लिहा. समितीत पाड्यांचे प्रतिनिधी नावापुरते नकोत, त्यांना मत असावं. आणि जमीन वळती करण्याचा प्रस्ताव आलाच, तर तो राज्य वन्यजीव मंडळाच्या लेखी, प्रसिद्ध केलेल्या कारणांसह विधिमंडळासमोर यावा. बंद खोलीत ठरू नये.

विधेयकाचा मसुदा मराठीत, गाववार नकाशांसह प्रसिद्ध करा आणि हरकतींसाठी किमान ६० दिवस द्या. सुनावण्या मंत्रालयात नकोत. एक कामणला घ्या, एक येऊरला, एक नेरूळला. येऊरच्या सुनावणीला मी हजर राहीन आणि हरकती लेखी देईन.

कळावे,
आपला,
वाघबीळचा एक रहिवासी, ठाणे (पश्चिम)