वडापवाल्या मामांना जाहीर पत्र

मामा,
सप्रेम नमस्कार.

शिक्षकदिनाला गुरुजींचा सत्कार झाला, बाईंचा झाला, पाहुण्यांना शाल-नारळ मिळाला. तुम्ही गेटबाहेर वडापची, म्हणजे सीटवारी भाड्याची, जीप लावून पोरं सुटायची वाट बघत होता. म्हणून हे पत्र.

आमच्या जिल्हा परिषद शाळेत आठवीपर्यंत वर्ग आहेत. वाड्यांवरच्या शाळा चौथीपर्यंतच, म्हणून पाचवीला पोरं इकडं यायची. ती येईनाशी झाली. मीटिंगमध्ये कारण ठरलेलं : लोकांना इंग्लिश मीडियमचं वेड लागलंय, आपला दर्जा घसरलाय. मळ्यावरच्या बायका मात्र वेगळंच सांगत होत्या. "त्यांची पिवळी बस दारात येते. तुमच्या शाळेला ओढा ओलांडायचा, दोन्ही अंगाला पुरुषभर ऊस. पोरीला एकटी कशी धाडू?" शाळेचं नाव बदनाम, आणि दुखणं वाटेचं!

हे तुमच्या कानावर स्टँडवरच आलं. दुसऱ्या दिवसापासून सकाळची फेरी तुम्ही पोरांना दिलीत, बाजारादिवशीसुद्धा. वडापात माणूस बसत नाही, कोंबला जातो, हे कोल्हापूरकराला सांगायला नको. पण पोरं तुम्ही मोजून बसवता, जागा पुरली नाही तर परत फेरी मारता. दप्तरं टपावर ताडपत्रीखाली. काचेपुढं खोचलेली ती वही तर आमच्या हजेरीपटापेक्षा चोख. पोरगं थांब्यावर दिसलं नाही की तुमचा फोन घरी जातोच.

याचा हिशेब लोकांना कळावा म्हणून लिहिते. शिक्षकांची संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळायचे ते, ३० सप्टेंबरच्या पटावर ठरते, आणि त्यातही आधार कार्ड जुळलेलीच पोरं धरतात. २०२४ च्या शासन निर्णयानं सहावी ते आठवीचा पट विसाच्या खाली गेला की शिक्षकाचं पदच धोक्यात. तुमच्या फेरीनं आमचा पट तरला, म्हणून गणित-विज्ञानाचे सर राहिले. सर राहिले म्हणून आठवीच्या पोरी एनएमएमएसला, म्हणजे केंद्राच्या शिष्यवृत्ती परीक्षेला, बसल्या. त्यातली एक, तुमच्या पहिल्या थांब्यावरची, पास होऊन निवडयादीत आली. नववी ते बारावी तिला महिना १००० रुपये मिळतील. विनाअनुदानित इंग्लिश मीडियमला गेली असती तर त्या परीक्षेला बसताच आलं नसतं, हे किती पालकांना ठाऊक आहे?

शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, पोर शाळेत न धाडणाऱ्या बापाला महिना एक रुपया दंड ठेवला. आमच्या मळ्यावरचे आईबाप दंडाशिवाय धाडायला तयार आहेत. ओढ्यावर साकव, साधा लहान पूल, मात्र अजून नाही, त्याचा अर्ज आम्ही पुन्हा एकदा दिलाय.

आणि एक. डिझेलच्या पैशाचं तुम्ही दर महिन्याला "बघू की" म्हणून निम्म्यावर भागवता. या महिन्यापासून पूर्ण घ्यायचे, समितीत ठराव झालाय. सोमवारी पोरं सोडलीत की ऑफिसात या, पावतीवर सही पाहिजे.

आपली,
सातवीतल्या पोरीची आई,
सदस्य, शाळा व्यवस्थापन समिती