मिस्तरी आप्पांना, कपाशीच्या ओटीबद्दल

आदरणीय आप्पा,

सा. न. वि. वि.

हे पत्र तुमची नात तुम्हाला मोबाईलवर वाचून दाखवेल. चारचौघांसमोर लिहितेय त्याला कारण आहे. वर्षभर दर शनिवारी सकाळच्या शाळेत येऊन तुम्ही आमच्या सातवी-आठवीच्या पोरांसाठी जे केलंत, त्याची नोंद शाळेच्या कुठल्याच रजिस्टरात होणार नाही. तुमचं मानधन कोणत्या खात्यात टाकायचं हेच कुणाला ठरवता आलं नाही आणि ठरलं असतं तरी तुम्ही ते घेतलं नसतंत. निदान लोकांना कळू तरी दे.

तुम्ही उभा जन्म बैलगाड्या, पाभरी, वखर केलेत. ट्रॅक्टर आले, काम आटलं, मध्ये काही वर्षं जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात, सुतारकाम केलंत. मी तुम्हाला बोलावलं ते करवत कशी धरायची एवढं दाखवायला. कार्यानुभवाच्या तासाला बहुतेक शाळांत आइस्क्रीमच्या काड्यांची फुलदाणी होते, प्रदर्शनात मांडली जाते, पालक फोटो काढतात आणि मे महिन्यात उंदीर तिचं काय ते बघून घेतात. पहिल्याच शनिवारी अशी एक फुलदाणी तुम्ही हातात घेतलीत, फिरवून पाहिलीत आणि विचारलंत, "हाई कोनासाठे शे?" म्हणजे, हे कोणासाठी आहे? वर्ग हसला. तुम्ही हसला नाहीत. उत्तराची वाट बघत उभे राहिलात.

आता मॅडमचं पुस्तक सुरू झालं असं म्हणाल, पण थोडं ऐका. इंग्लंडमध्ये हा प्रश्न विचारायला एक अख्खा विषयच आहे, 'डिझाइन अँड टेक्नॉलॉजी'. १९९० पासून तो तिथल्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात आहे. कुणाला काय अडतंय ते ओळखायचं, आखायचं, बनवायचं, वापरून पाहायचं आणि परत आखायला बसायचं. आपल्याकडे मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातल्या अभ्यासकांनी मुलांकडून पिशवी, पवनचक्कीची प्रतिकृती, बाहुल्या असं काही आखून बनवून घेतलं आणि पोरं चित्र काढताना कसा विचार करतात ते तपासलं. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम काढला, तिथे पोरं गावाची कामं करत करतच शिकतात. हे सगळं माझं वाचून झालेलं होतं. आपल्या वर्गात ते कसं उतरवायचं, ते मात्र कुठल्या पानावर नव्हतं.

दिवाळीनंतर वेचणी सुरू झाली तेव्हा तुम्ही पोरांना शेतात न्यायला लावलंत. वेचायला नाही, नुसतं बघायला. कमरेला बांधलेली फडक्याची ओटी भरत जाते तशी पुढे लोंबते, बाई आणखी वाकते, मग बांधापर्यंत जाऊन गाठोड्यात रिकामी करते, परत येते. मजुरी किलोवर. म्हणजे बांधापर्यंतची प्रत्येक फेरी फुकटची. हे आमच्या पोरांच्या आयाच करतात, पण त्याकडे काम म्हणून त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

पोरांची पहिली पिशवी दप्तरासारखी होती, पाठीवर, वर चेन. वेचणाऱ्या बायांनी ती घातली आणि पोट धरून हसल्या. पाठीमागे कापूस टाकणार कोण, आणि बोंडांनी टोचलेल्या बोटांनी दर वेळी चेन ओढणार कोण? दुसरी पिशवी पुढच्या बाजूला आली, भार दोन्ही खांद्यांवर. कापड म्हणून पोरांनी खताची रिकामी गोणी उसवून घेतली. फुकट, मजबूत, धुतली की स्वच्छ. मलाही ती पसंत होती. तुम्ही गोणीचा एक धागा ओढून काढलात, कापसाच्या पेळूत दाबलात आणि म्हणालात, आता शोधा.

सापडला नाही. मग तुम्ही जिनिंगमधलं सांगितलंत. गोणीचा पांढरा धागा रुईत, म्हणजे सरकी काढलेल्या कापसात, गेला की डोळ्याला दिसत नाही, पार सूत होऊन कापड विणेपर्यंत तो लपून राहतो. कापड रंगवलं की उघडा पडतो, कारण बाकी कापसाला चढलेला रंग त्याला चढत नाही. तोवर ठाणच्या ठाण वाया. त्या आठवड्यात मी पाठ्यपुस्तकातला धडा बाजूला ठेवून कापसातलं सेल्युलोज आणि गोणीतलं पॉलिप्रोपिलीन शिकवलं. इतके प्रश्न मला एरवी कधी कुणी विचारलेले नाहीत.

तिसरी पिशवी मांजरपाटाची. तळाशी तोंड, म्हणजे ओतायला उलटी करायला नको. तळाची नाडी दवाने ओली होऊन गाठ घट्ट बसायची, तेव्हा तुम्ही बाभळीच्या लाकडाची बोटभर खुंटी करायला शिकवलीत. खुंट्या तासल्या मुलींनी. शिलाई मशीनवर बसला एक मुलगा, त्याची आई ब्लाउज शिवते. त्याच्या शिलाईची रेघ पाहून बाकीची पोरं चिडवायची थांबली.

एक बाई मात्र म्हणाली, मला आपली जुनीच ओटी बरी. मी तो विषय तिथेच सोडला असता. तुम्ही पोरांना परत तिच्याकडे पाठवलंत, का ते विचारून या. ओटी सोडली की तेच फडकं ती उन्हात डोक्याला बांधते, त्यातच भाकरी बांधून आणते. तुमच्या पिशवीचं दुसरं काय करू, असं तिने पोरांनाच विचारलं. वहीत हे उत्तर सगळ्यात मोठ्या अक्षरात लिहिलेलं आहे.

आणि आखणी! आमची पोरं रंगीत चित्रं सुंदर काढतात, पण त्यात माप नसतं. तुम्ही खडूने फरशीवर पाभरीचा समोरचा आणि बाजूचा आकार खऱ्या मापात काढलात, अक्षर फारसं न गिरवलेल्या हातांनी. ज्या आकृत्या भूमितीच्या तासाला पोरांच्या डोक्यावरून जातात, त्यांच्याभोवती ती उकिडवी बसून सुताराचा काटकोनी गुण्या लावत होती.

एक गोष्ट लिहू की नको असं झालं होतं, पण लिहिते. ज्यांचे हात चालायचे त्यांना गावाने बलुतेदार म्हणून एका बाजूला बसवलं आणि ज्यांच्या हाती पाटी-पुस्तक आलं त्यांची शाळा झाली. म्हणून तुम्ही पहिले काही शनिवार व्हरांड्यातच थांबायचात, आत या म्हटलं तरी. सुतारकाम शिकायला पोरगं शाळेत पाठवलं का, असं विचारत एक पालक आलेही होते. त्यांच्याच मुलाने तुमच्यासाठी खुर्ची आणून ठेवली, तेव्हा मी काही बोलले नाही. बोलण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

पांझरा नदीवरचा बंधारा दाखवायला नेलंत तो दिवस पोरं अजून सांगतात. फड, म्हणजे बंधाऱ्याच्या पाटावर एकत्र भिजणाऱ्या शेतांचा पट्टा, आम्हाला माहीत आहे असं आम्हाला वाटायचं. पण एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं म्हणजे पाण्याची पाळी सगळ्यांची सारखी येते, आणि कुणाला किती द्यायचं ते शेतकरी नाही, पाटाचं पाणी सोडणारा पाटकरी बघतो, हीसुद्धा कुणीतरी आखलेली गोष्ट आहे, हे आठवीतल्या एका पोरीने स्वतःहून म्हटलं. मी ते शिकवलेलं नव्हतं.

कपाटातली यंत्रमानवाची पेटीही यंदा उघडली. अटल टिंकरिंग लॅब, म्हणजे पोरांनी यंत्रं जोडून पाहायची सरकारी योजनेतली प्रयोगशाळा, मिळालेल्या शाळांचा मला आता पूर्वीइतका हेवा वाटत नाही, थोडा वाटतोच. ओल मोजणारा सेन्सर कुंडीत खुपसून तुम्ही अर्धा तास खेळत होतात, ते मुख्याध्यापकांनी पाहिलं बरं का.

आता कामाचं. पोरांनी पुढचा विषय ठरवलाय: मिरचीची देठं खुडणाऱ्या बायांच्या बोटांची आग. त्यासाठी नंदुरबारला जाऊन मिरची वाळवायच्या पथाऱ्यांवर बसून बघायचंय. गाडीखर्च सरांनी मंजूर केलाय. तुमच्या मानधनाचा विषय मी शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत लेखी मांडलाय, तेव्हा या वेळी घरी निरोप आला तर नाही म्हणू नका. मनापासून आभार, आप्पा. आजींना नमस्कार सांगा.

तुमची,
सातवी-आठवीच्या विज्ञानाची मॅडम