रविवारी सकाळी मी कुठे जाते

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

हे फोनवर बोलता आलं असतं. पण फोनवर आईचा आवाज लगेच भरून येतो आणि बाबा, तुम्ही "बरं, जेवलीस का?" म्हणून विषय बदलता. म्हणून लिहितेय.

गेल्या वर्षभरात तुम्ही मला तीनदा विचारलंत, "पुन्हा घोड्यावर बसली नाहीस ना?" तिन्ही वेळा मी नाही म्हटलं. मी खोटं बोलले. गेल्या सप्टेंबरपासून जवळजवळ दर रविवारी सकाळी सहाला मी पागेत असते. तुम्हाला न सांगता केलेली ही एकच मोठी गोष्ट आहे आणि ती मनात टोचत राहते.

दोन वर्षांपूर्वी मी पडले तेव्हा तुम्हाला इतकंच कळलं की घोडी बिचकली आणि मी खाली आले. पूर्ण हकिगत मी कधी सांगितली नाही. कुंपणावर टाकलेला निळा प्लास्टिकचा कागद वाऱ्याने फडफडला आणि रेवा एकदम बाजूला सरकली. त्यात तिचा काहीच दोष नव्हता. घोड्याचे डोळे दोन्ही बाजूंना असतात, त्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं आणि काही अचानक हललं की आधी पळायचं हेच त्याच्या रक्तात आहे. मी त्या दिवशी ऑफिसची सगळी दमणूक घेऊन बसले होते. मांड ढिली होती आणि तोल मी लगामावर सांभाळत होते. पाच फुटांवरून मी पाठीवर पडले. कमरेचा पहिला मणका दबला, ऑपरेशन लागलं नाही, तीन महिने पट्टा. हे तुम्हाला माहीत आहेच, आईने तर ते सगळं हातांनी केलंय.

आई, त्या अकरा आठवड्यांबद्दल मी तुझ्याशी कधी नीट बोलले नाही. माझ्या चाळिसाव्या वर्षी तू माझे पाय धूत होतीस, वेणी घालत होतीस, कूस बदलायची तर "एक, दोन, तीन" म्हणून मला वळवत होतीस. रात्री स्वयंपाकघरात भांड्यांच्या आवाजाआड तू रडायचीस, ते मला ऐकू यायचं. पट्टा निघाल्यावर मला जी भीती वाटायची, ती दुखण्याची फार नव्हती. तुझ्या गुडघ्यांनी तू पुन्हा पुण्याला यावंस, पुन्हा माझ्यासाठी वाकावंस, याची होती. म्हणून मी आठ महिने पागेचं नावही काढलं नाही.

शरीराचं सांगायचं तर ते सावकाश पण सरळ रस्त्याने आलं. फिजिओथेरपीत आधी फक्त चालणं, मग पाठीवर झोपून कंबर उचलणं, मग दात घासताना एका पायावर उभं राहणं. हाड जुळलं होतं, पण त्याच्या भोवतीचे स्नायू विरघळल्यासारखे झाले होते. एक्स-रे पाहून डॉक्टर म्हणाले, बसायला हरकत नाही, मात्र उड्या बंद. कायमच्या. त्या दिवशी मी गाडीत बसून खूप वेळ रडले. अजूनही पंधरा-सोळा वर्षांच्या मुली आडव्या दांड्यांवरून घोडे उडवताना दिसल्या की आत काहीतरी तुटतं. ते जाईल असं मला वाटत नाही.

मनाचा रस्ता मात्र सरळ नव्हता. परवानगी मिळाल्यावर मी गेले, त्या तीन पायऱ्यांच्या लाकडी ठोकळ्यावर उभी राहिले आणि डावा पाय रिकिबीत घातला. पुढचा एक क्षण असा असतो की एक पाय रिकिबीत, दुसरा हवेत, आणि सगळं वजन दुसऱ्या जिवाच्या भरवशावर. त्या क्षणी माझे हात गार पडले. मी पाय काढून घेतला आणि घरी आले. पुढच्या रविवारी तेच. तिसऱ्या रविवारी गेलेच नाही.

आमचे उस्ताद घोडदळातून निवृत्त झालेले, साताऱ्याकडचे. त्यांनी मला समजावलं नाही. हातात खरारा दिला आणि म्हणाले, "ताई, महिनाभर बसायचंच नाही. नुसतं हिला साफ करायचं." चार रविवार मी तेच केलं. मानेपासून पाठीपर्यंत खरारा फिरवायचा, खुरांतली माती खरवडायची. तिच्या अंगाला वाळलेल्या गवताचा वास येतो. हळूहळू माझा हात तिच्या पाठीवर थरथरेनासा झाला. पाचव्या रविवारी तिला धरून रिंगणातून चालवलं. मग बसले, तेही लगाम न घेता. लांब दोर उस्तादांच्या हातात आणि माझे हात मांड्यांवर.

तेव्हा ते म्हणाले, "श्वास सोडा ताई. तुम्ही कोंडलाय, म्हणून घोडीनं पाठ ताठ केलीय." मला ते बोलण्यापुरतं वाटलं होतं. पुढे वाचलं, की स्वीडनमधल्या संशोधकांनी याच्यावर प्रयोग केला होता, २००९ साली तो छापून आला. माणसांनी घोड्याला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चार वेळा न्यायचं, कुणी हाताने धरून, कुणी वर बसून. चौथ्या फेरीआधी त्यांना सांगितलं, की घोडा जवळून जाताना छत्री उघडली जाईल. छत्री उघडलीच नाही. तरी माणसांच्या छातीचे ठोके वाढले आणि त्यांच्याबरोबर घोड्यांचेही. वाचताना मला रेवाचे कान आठवले. मी घाबरले की ते मागे वळतात, माझ्याकडे.

बाबा, श्वास कोंडू नये म्हणून काय करते सांगू? दुडकी सुरू झाली की मोठ्याने एकोणतीसचा पाढा म्हणते. एकोणतीस, अठ्ठावन्न, सत्त्याऐंशी. वाईहून पाचगणीचा पसरणी घाट चढताना एसटीत तुम्ही तोच पाठ करून घ्यायचात. टेबललँडवर मी पहिल्यांदा तट्टावर बसले तेव्हा तुम्ही माझा पाय धरून शेजारून चालत होतात, घोडेवाला "सोडा साहेब" म्हणत असतानाही. पाढा म्हणताना तो हात मला घोट्यावर जाणवतो.

त्या काळात मला लिस हार्टेल या डॅनिश बाईचा खूप आधार वाटला. १९४४ साली, पोटात बाळ असताना, तिला पोलिओ झाला आणि गुडघ्याखाली पायांत कधीच ताकद आली नाही. घोड्यावर चढायला-उतरायला माणूस लागायचा. १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ड्रेसाजची, म्हणजे घोड्याकडून ठरलेल्या चाली नेमकेपणाने करून घेण्याची, स्पर्धा पहिल्यांदाच स्त्रियांना खुली झाली, आणि तिने त्यात रौप्यपदक मिळवलं. १९५६ला पुन्हा. या स्पर्धेत घोड्याला इशारे मुख्यतः पायांनी आणि बैठकीने द्यायचे असतात. ती वजन आणि पाठ यांवर काम भागवायची. मला पदक नको. पण कुणाच्या तरी मदतीने चढण्यात कमीपणा नाही, हे तिच्याकडून घेतलं. आजही उस्ताद पलीकडची रिकीब दाबून धरतात, तेव्हाच मी चढते.

भरधाव मी अजून जात नाही. चाळीस मिनिटांवर कंबर सांगते, उतर. थंडीत दुखतं. काही रविवारी ठोकळ्यापाशी हात अजून गार पडतात. त्या दिवशी मी नुसता खरारा करून परत येते, आणि तो दिवस वाया गेला असं मला आता वाटत नाही.

आई परवा हळू आवाजात सांगत होती, की न्हाणीघरात घसरल्यापासून बाबा नदीकाठी गणपती घाटावर गेलेले नाहीत. हाड मोडलेलं नाही, डॉक्टर चाला म्हणतात, पण तुम्ही दाराशी येता आणि चप्पल न घालता मागे फिरता. सगळे तुम्हाला काहीच झालेलं नाही म्हणून समजावतायत. मी समजावणार नाही. उंबऱ्यापाशी काय होतं ते मला माहीत आहे, बाबा.

शनिवारी सकाळच्या गाडीने येतेय. घाटावर जायचं नाही. आपण दोघं बाहेरच्या पायरीवर खुर्च्या टाकून बसू, चहा तिथेच घेऊ. रविवारी वाटलं तर समोरच्या पिंपळापर्यंत, नाहीतर पुन्हा पायरीवरच. मी शेजारी असेन.

आई, तू रागावशील. रागाव. पण रेवाचा फोटो आणतेय, तो एकदा बघ.

तुमची,
सोनू