जादा चिलर: पाऊस लागायच्या आत

रत्नागिरी,
मे अखेर

प्रिय बंड्या,

सप्रेम नमस्कार. ‘लेसरचं पाणी गार करणारा कोपऱ्यातला जादा चिलर लावून बघितला, पाणी २० अंशांवर आलं, ठीक आहे’ असं तू कळवलंस. अरे, त्याने स्वतःच्या टाकीतलं दहा-बारा लिटर पाणी गार केलं, एवढंच. ते फ्रीजही करतो. लेसरची उष्णता अंगावर घेऊन तो तासभर टिकतो का, हे बघायचं अजून बाकी आहे.

पुन्हा लावण्याआधी प्लग काढ आणि बाजूचा पत्रा उघड. काँटॅक्टरमध्ये आणि रिलेत, म्हणजे वीज चालू-बंद करणाऱ्या स्विचांत, मुंग्या घर करतात, काँटॅक्ट नीट टेकत नाहीत. मग कंडेन्सरच्या, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या, जाळीवरून नख फिरव. समुद्र इतका जवळ असल्यावर ॲल्युमिनियमच्या पात्यांवर पांढरी पूड येतेच. नुसती पूड आणि धूळ असेल तर नळाच्या हलक्या धारेने आतून बाहेर धू, वायरिंगवर प्लॅस्टिक टाकून. जोराचा फवारा मारलास तर पाती आडवी होतात आणि हवा कोंडते. नखाने पाती चुरतच असतील तर धुण्यात अर्थ नाही, कंडेन्सर बदलावा लागेल. चिलर आडवा करून आणला असेल तर एक दिवस उभा राहू दे, कॉम्प्रेसरचं तेल खाली बसायला हवं.

विहिरीचं पाणी अजिबात भरू नकोस. तुझा लेसर लॅम्पवरचा एनडी-यॅग स्फटिकाचा, म्हणजे पाणी थेट लॅम्पच्या आणि त्या स्फटिकाच्या कांडीच्या अंगाला लागतं. पहिलं भरण डिस्टिल्ड पाण्याचं. ते फिरवून काढून टाक आणि पाण्यातले क्षार काढणारं डीआय कार्ट्रिज शेवटी बसव, नाहीतर टाकीतला सगळा गाळ तेच खाईल. पंप एक मिनिटही कोरडा फिरवू नकोस, सील जळतं.

आता खरी चाचणी. एसीवाल्याकडून तीन अष्टमांश इंचाचा पाच मीटर तांब्याचा पाइप आण. त्याचं वेटोळं करून बादलीत बुडव आणि त्याची दोन टोकं चिलरच्या जाण्या-येण्याच्या नळ्यांना जोड. त्याच बादलीत १५०० वॅटचा पाणी तापवायचा रॉड, खुणेपर्यंत बुडालेला आणि बादलीच्या कडेला न टेकलेला. अर्थिंग आणि ईएलसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) असलेल्याच बोर्डावर लाव, बादलीत हात घालायच्या आधी प्लग काढ. रॉड थेट चिलरच्या टाकीत सोडायचा मोह होईल, पण वेटोळ्यामुळे वीज आणि लेसरचं पाणी वेगळी राहतात.

त्याआधी प्रवाह मोज. बादलीवर ५ लिटरची खूण कर, परतीची नळी तिच्यात सोड आणि घड्याळ लाव. ३७-३८ सेकंदांत भरली तर मिनिटाला ८ लिटर. टाकी रिकामी व्हायच्या आत थांब. नळी लेसरच्या उंचीवर धरूनच मोज, जमिनीवरचा आकडा नेहमी फुगलेला असतो.

मग व्होल्टेज बघ. २३० व्होल्टचा १५०० वॅटचा रॉड २१० व्होल्टला साधारण १२५० वॅटच देतो, आणि संध्याकाळी आपल्याकडे २१० मिळालं तरी नशीब. १२५० वॅट आणि ८ लिटर म्हणजे वेटोळ्यात शिरणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या पाण्यात सव्वादोन अंशांचा फरक हवा. साडेचार आला तर प्रवाह निम्माच आहे: फिल्टर तुंबलाय किंवा नळी कुठेतरी मुडपलीय. बादलीचं तापमान चढायचं थांबलं की रॉडची जवळजवळ सगळी उष्णता चिलर उचलतोय असं समज. तिथून पुढे तासभर दर पाच मिनिटांनी आकडे लिही. टाकीचं पाणी हळूहळू वर सरकत राहिलं तर ताकद कमी पडतेय. पण चिलरचा गॅस भरणाऱ्याला बोलवायच्या आधी मागे भिंत किती जवळ आहे ते बघ, बाहेर फेकलेली गरम हवाच पंखा परत ओढत असेल.

फ्लो स्विचच्या, म्हणजे पाणी वाहतंय का ते ओळखणाऱ्या स्विचच्या, तारांवर मल्टिमीटर लाव. पंप बंद असताना सर्किट तुटलेलं, चालू असताना जुळलेलं दिसायला हवं. नंतर नळी हळूहळू दाबत कितव्या लिटरला तुटतं ते नोंदव, लेसरच्या पुस्तकात दिलेल्या किमान प्रवाहाशी ताड. पंप बंद असूनही मीटर वाजत राहिला तर टर्मिनल पट्टीत बघ. कुणीतरी चाचणीपुरती स्विचला वगळून थेट जोडलेली छोटी तार (जंपर) तिथे तशीच राहिलेली असते, आणि तिच्यामुळे लॅम्प पाण्याविना पेटू शकतो.

लाईट जाण्याची चाचणीही कर. चालू असताना प्लग काढ, दहा सेकंदांनी घाल. कॉम्प्रेसरने तीनेक मिनिटं थांबायला हवं. लगेच उठायला गेला तर दाबाविरुद्ध घुमत राहतो आणि ओव्हरलोड (जादा भाराला वीज तोडणारा स्विच) पडतो. दुसरी गोष्ट, लाईट आल्यावर चिलर आपोआप सुरू होतो का? पावसात हीच भानगड होते. ३० अंश आणि ८० टक्के दमटपणा म्हणजे दवबिंदू, ज्याच्याखाली गार वस्तूवर दव सुटतं ते तापमान, २६ अंशांवर. एसी चालू असताना, २५ अंश आणि ५५ टक्क्यांना, तो १५ अंशांच्या आसपास येतो आणि तुझं २० अंशांचं पाणी सुखरूप. पण रात्री लाईट जाऊन आली, चिलर उठला आणि एसी रिमोटची वाट बघत राहिला, की सकाळी लेसरच्या डोक्याला दव सुटलेलं असतं. आपोआप सुरू होण्याची सोय बंद करता येत असेल तर करच. रोज एसी आधी, तासाभराने चिलर, बंद करताना उलट.

शेवटचं, नळ्यांचे जोड. अर्ध्या इंचाच्या बीएसपी आणि एनपीटी या आट्यांच्या दोन्ही पद्धतींत इंचाला १४ आटेच असतात, त्यामुळे एक दुसऱ्यात दोन-तीन फेरे सहज जातो आणि बसल्यासारखा वाटतो. आट्यांचे कोन मात्र ५५ आणि ६० अंशांचे, म्हणून टेफ्लॉन कितीही गुंडाळ, गळतोच. सध्या लेसरला लावलेल्या चिलरचे जोड आत्ताच तपासून तसलेच दोन जादा आणून जादा चिलरच्या दांडीला पिशवीत बांधून ठेव. लागतील तेव्हा बाजार बंद असेल.

तुझा,
अण्णा