टाळी वाजवली की झालं काम!

संपादक महाशय,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला छोट्या पडद्यावरच्या तृतीयपंथीयांवरचा लेख वाचला. लेखक म्हणतात आता टीव्ही संवेदनशील झालाय. छान. कुठला टीव्ही बघतात ते पण लिहायला हवं होतं, आमच्या देवगडात तो चॅनेल लागत नाही बहुतेक. आमच्याकडे अजून तेच, मालिकेत बारसं निघालं की ढोलकी वाजते, दारात तिघीचौघी उभ्या, मोठ्ठी टिकली, टाळी, बाळाच्या डोक्यावर हात, हिरॉइन रडते, की जाहिराती सुरू. नाहीतर कॉमेडी शोमध्ये दाढीचे खुंट दिसणाऱ्या नटाला साडी गुंडाळायची आणि त्याने पाहुण्या हिरोच्या गळ्यात पडायचं, आणि जजलोक खुर्चीतून खाली येईपर्यंत हसणार (हसायचे वेगळे पैसे मिळतात का हो?).

लेखातली उदाहरणं मला पण माहीत आहेत. तृतीयपंथीयांसाठी काम करणाऱ्या लक्ष्मी त्रिपाठी 2011 ला बिग बॉसमध्ये होत्या. तशाच कार्यकर्त्या गौरी सावंत, त्यांच्यावरची सिरीज 2023 ला आली, सुश्मिता सेनने काम छान केलं, पण ती मोबाईलवर, टीव्हीवर नव्हे, आणि आमच्या वाडीत रेंज पकडायला घाटीच्या वर जावं लागतं. मराठी मालिकेत स्वतः ट्रान्सजेंडर असलेली कलाकार म्हणाल तर 2020 ला कारभारी लयभारीतली गंगा, म्हणजे प्रणित हाटे. ती आवडली होती मला. पुढचं नाव पटकन सांगा बघू.

असो. माझा राग यावर नाही. आमची आंबा पॅकिंगची शेड आहे. मागे एका सीझनला बाजूच्या वाडीतली एक जण कामाला आली, तृतीयपंथी, नाव लिहीत नाही, तिला परत त्रास नको. अशी हुशार कामाला की काय सांगू. फळ नुसतं हातात घेतलं की चार डझनाच्या पेटीत जाणार की सहा डझनाच्या ते तिला कळायचं, काट्यावर ठेवायची गरजच नाही, डागी बाजूला, देठ मोडू द्यायची नाही कारण चीक सांडला की सालीवर काळा डाग आणि वाशीच्या घाऊक बाजारात भाव पडला. पेंढ्याचा थर अस्सा सारखा की पेटी हलवली तरी आतून आवाज नाही. बाकीच्या बायका पहिले दोन दिवस लांब बसल्या, मग डबे एकत्र उघडायला लागले, विषय संपला.

मग आमच्या जाऊबाई आल्या मुंबईहून. मालिकांच्या भक्त, संध्याकाळी सात ते दहा फोन केला तरी उचलत नाहीत. त्यांचा नातू तीन महिन्यांचा. भर कामात, वाशीची गाडी दारात उभी, जाऊबाई बाळाला घेऊन शेडमध्ये, थेट तिच्यासमोर, पाचशेची नोट आणि नारळ घेऊन, म्हणे नातवाच्या डोक्यावर हात ठेव, तुमचा शब्द खरा होतो, परवाच्या एपिसोडमध्ये बघितलं मी. आणि वाकल्या की हो पाया पडायला! तिने हातातला आंबा खाली ठेवला, म्हणाली, "काकी, मी हय आंबे भरूक येतंय, आशीर्वाद देवक नाय." तरी जाऊबाई ऐकेनात, नोट तिच्या पदरात खोचली. दुसऱ्या दिवसापासून शेडमधल्या बायका पण पोरंबाळं घेऊन यायला लागल्या, कोणाचं लग्न जमत नाही, कोणाला मुलगा हवा. आठवड्याच्या आत ती यायची बंद झाली. हजेरीचे पैसे सुद्धा भावाला पाठवून नेले, ती नोट मात्र पेटीखाली ठेवून गेली होती.

कोणी तिला वाईट बोललं नाही हे लक्षात घ्या. 2014 ला सुप्रीम कोर्टाने तृतीयपंथीयांची ओळख मान्य केली, 2019 ला कायदा झाला, कामाच्या ठिकाणी भेदभाव करायचा नाही असं त्यात आहे. पण पाया पडणाऱ्याला कुठलं कलम लावणार? जाऊबाईंना विचारलं तर अजून म्हणतात मी मानच दिला. हे डोक्यात कोणी घातलं, तुमच्या त्या संवेदनशील टीव्हीनेच ना. एखादीला मालिकेत बँकेत बसवा, शिवण टाकू दे, टेम्पो चालवू दे, सासूशी भांडू दे, टाळी न वाजवता एक एपिसोड काढून दाखवा.

आणि साडी नेसलेला पुरुष दिसला की हसायचंच, हे पण टीव्हीनेच शिकवलं. आमच्या दशावतारात ओमप्रकाश चव्हाण स्त्रीपार्ट करायचे तेव्हा जत्रेत पहाटेपर्यंत बायका डोळे पुसत बसायच्या, एक माणूस दात काढत नसे. ते वेगळं आणि हे वेगळं हे मला कळतं, कोणी पत्र लिहून शिकवू नये.

जाता जाता, तुमच्या सिंधुदुर्ग पानावर वाढदिवसाच्या जाहिराती सोडून बातमी छापायला जागा उरते का कधी? परवा अर्धं पान नुसते हात जोडलेले फोटो. माझं बंदरातल्या गाळाबद्दलचं पत्र मागे तुम्ही निम्मं कापलं होतंत, हे तरी जाऊबाईंसकट पूर्ण छापा.

आपली,
एक बागायतदारीण, देवगड