पिस्तूल इवलंसं, गोळी पंचेचाळीसची

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत टेक्सासमधल्या पिस्तुलांवर आलेला लेख वाचला. मी मूळचा सांगलीचा. निम्मं आयुष्य ह्यूस्टनच्या आसपास व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कारखान्यांत डिझाइनच्या टेबलावर गेलं, आता निवृत्त आहे. टेक्सासचा परवाना माझ्याकडे आहे आणि बाहेर पडताना बहुतेक वेळा कमरेला पिस्तूल असतं. पिस्तूल असावं की नसावं यावर इथे घराघरांत भांडणं होतात, माझ्याही घरात झाली आहेत. तो वाद या पत्रात नको. लेखकाने जाता जाता एक सल्ला दिला आहे, की शर्टाखाली लपेल असं छोटं पिस्तूल घ्यावं आणि ते .४५ कॅलिबरचंच (म्हणजे इंचाच्या .४५ व्यासाच्या गोळीचं) घ्यावं, कारण 'पंचेचाळीसची एक गोळी माणसाला मागे फेकून देते'. तो सल्ला वाचून माझ्यातला इंजिनिअर गप्प बसेना.

आधी फेकून देण्याचं बघू. .४५ ची नेहमीची गोळी २३० ग्रेनची, म्हणजे सुमारे १५ ग्रॅमची. ती सेकंदाला साधारण २५० मीटर वेगाने जाते. हा सगळा संवेग ७५ किलोच्या माणसात उतरला, तर त्याला वेग मिळतो सेकंदाला ५ सेंटिमीटर. लोकलमध्ये शेजाऱ्याचा खांदा लागला तरी याहून जास्त ढकललं जातं. आणि गोळीने माणूस उडत असेल, तर झाडणारासुद्धा मागे उडायला हवा. न्यूटनचा तिसरा नियम शाळेतच शिकवतात. माणूस थांबतो तो गोळी आत किती खोल आणि नेमकी कुठे गेली यावर.

पंचेचाळीसचा हा रुबाब आला कुठून? फिलिपिन्समध्ये तिथल्या मोरो मुस्लिम योद्ध्यांशी लढताना अमेरिकन सैन्याला .३८ ची रिव्हॉल्व्हरं कमी पडली. मग १९०४ साली थॉम्पसन आणि लागार्ड या दोन अधिकाऱ्यांनी शिकागोच्या कत्तलखान्यात गुरांवर आणि शिवाय मृतदेहांवर गोळ्या झाडून चाचण्या केल्या आणि .४५ पेक्षा लहान काही नको असा निष्कर्ष काढला. आजच्या हिशेबाने त्या चाचण्या फारच ओबडधोबड. पण त्यातूनच पुढे जॉन ब्राउनिंग या अमेरिकन बंदूक-रचनाकाराचं .४५ चं पिस्तूल १९११ साली सैन्यात आलं आणि १९८५ पर्यंत टिकलं. ते पिस्तूल मी वापरलं आहे आणि मला ते मनापासून आवडतं. पण ते आहे कसं? नळी ५ इंची, वजन रिकामं असताना १.१ किलो. तो जडपणा धक्का गिळतो. पंचेचाळीसची कीर्ती या मोठ्या पिस्तुलाने मिळवली. दुकानदार तीच कीर्ती ३ इंची नळीच्या छोट्या पिस्तुलाला चिकटवून विकतात. लुनाला बुलेटचं इंजिन बसवावं तसलाच प्रकार.

गोळी तीच ठेवून पिस्तुलाचं वजन निम्मं केलं, तर हाताला बसणाऱ्या धक्क्याची ऊर्जा दुप्पट होते. यात मतभेदाला जागा नाही, समीकरण आहे. छोट्या पिस्तुलाची स्लाइड (नळीवरचा मागेपुढे सरकणारा भाग) हलकी आणि तिला मागे सरकायला जागा कमी, म्हणून तिला आवरायला आतली स्प्रिंग कडक लागते. कडक स्प्रिंग म्हणजे स्लाइड ओढायला मनगट दांडगं हवं, आणि ती स्प्रिंग बदलावीही लवकर लागते. मूठ आखूड, त्यामुळे करंगळी खाली लोंबकळत राहते. पकड ढिली पडली की रिकामं काडतूस नीट बाहेर पडत नाही आणि पिस्तूल अडकतं. नळी आखूड म्हणून गोळीचा वेगही घटतो. आजच्या पोकळ टोकाच्या गोळ्या शरीरात शिरल्यावर उमलतात, म्हणजे टोकाशी पसरतात, आणि त्याला वेग लागतो. म्हणजे ज्यासाठी पंचेचाळीस घ्यायचं, त्यातलंच थोडं नळीने आधी कापून घेतलेलं असतं.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या मंडळातली एक मुलगी (मुलगी म्हणजे आता चाळिशीची, स्वतःचं औषधांचं दुकान आहे, रात्री एकटी बंद करते) मला म्हणाली, "काका, दुकानात माझ्याबरोबर चला, तो माणूस मला नुसता गुलाबी पिस्तुलं दाखवतो." गेलो. काउंटरवरच्या गृहस्थाने गुलाबी बाजूला ठेवलं आणि तिच्या हातात छोटं .४५ दिलं. म्हणे, बाईमाणसाला पहिल्याच गोळीत काम झालं पाहिजे. तिला स्लाइड पूर्ण मागे ओढताच येईना. तो हसला, मी नाही हसलो. शेजारीच नेमबाजीची रेंज होती, तिथे भाड्याने पिस्तुलं मिळतात. तेच .४५ आणि एक छोटं ९ मिलिमीटर, दोन्ही घेतली.

तिने .४५ ची पहिली गोळी झाडली, ती बरी लागली. दुसरी खाली. नंतरच्या सगळ्या आणखी खाली, डावीकडे. मग मी तिच्या नकळत मॅगझिनमध्ये खऱ्या गोळ्यांच्या मधे एक खोटी गोळी भरली, तिच्यात दारू नसते. त्या खोट्या गोळीची वेळ आली, मुलीने चाप दाबला, आवाज झालाच नाही. पण नळीचं तोंड झपकन दोन बोटं खाली गेलं आणि तिचे डोळे गच्च मिटलेले. धक्का बसण्याआधीच अंगाने तो घेऊन टाकला होता. हे भित्रेपण नव्हे, प्रत्येकाचं शरीर असंच वागतं. माझंही वागतं. सरावाने ते घालवावं लागतं आणि सराव तोच करतो ज्याचा हात दुखत नाही. ९ मिलिमीटर हातात दिल्यावर तिने कुरकुर न करता पेटी संपवली आणि कागदावरची भोकं एका वाटीत मावतील एवढी जवळ आली.

९ मिलिमीटर आणि .४५ च्या गोळीच्या व्यासात फरक किती? अडीच मिलिमीटरही नाही. त्या बदल्यात मिळतं काय, तेही बघावं. अर्धा किलोच्या आसपासच्या, ९ मिलिमीटरच्या सिग पी-३६५ या पिस्तुलात दहा गोळ्या मावतात. त्याहून जरा जड, .४५ च्या एम अँड पी शील्डमध्ये सहा किंवा सात. पंचेचाळीसच्या गोळ्या महागही पडतात, म्हणजे सराव आणखी कमी. एफबीआय या अमेरिकेच्या केंद्रीय तपास संस्थेनेही हा फेरा पूर्ण मारला आहे. १९८६ साली मायामीत दोन दरोडेखोरांशी चकमक झाली. त्यातल्या एकाला लागलेली ९ मिलिमीटरची गोळी दंडातून छातीत शिरली आणि हृदयाच्या इंचभर अलीकडे थांबली. तो लढत राहिला, एफबीआयचे दोघे जण मारले गेले. त्या धक्क्यातून आधी १० मिलिमीटर आलं, ते अनेकांना झेपेना म्हणून १९९० साली .४० आलं. आणि गोळ्या सुधारल्यावर २०१६ साली एफबीआयने पुन्हा ९ मिलिमीटरचंच, ग्लॉक कंपनीचं पिस्तूल निवडलं. रोज हेच काम करणाऱ्यांना जे पुरतं, ते औषधाच्या दुकानाला पुरेल.

छोटं पिस्तूल लोकांना का हवं असतं, हे मला ठाऊक आहे. ह्यूस्टनच्या ऑगस्टमध्ये अंगावर एक टी-शर्टही नकोसा होतो, त्याखाली मोठं पिस्तूल लपवणार कुठे? पण निम्मं लपवणं पट्ट्यावर अवलंबून असतं. चांगला जाड पट्टा आणि चाप पूर्ण झाकणारं कडक होल्स्टर (पिस्तुलाची म्यान) यांवर खर्च करायला लोक कां-कूं करतात आणि हजार डॉलरचं पिस्तूल पर्समध्ये लिपस्टिक-किल्ल्यांबरोबर टाकतात. किंवा गाडीत ठेवतात. गाड्या फोडून पिस्तुलं चोरीला जाणं ही इथली रोजची गोष्ट आहे. आणि घरी आल्यावर? दिवाळीच्या फराळाला घरात दहा पोरं धावत असतात, कपाटं उघडत असतात. टेक्सासात भरलेलं पिस्तूल निष्काळजीपणे ठेवलं आणि ते सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागलं, तर ठेवणाऱ्यावर गुन्हा होतो. तुमच्या लेखात कुलपाच्या पेटीचा उल्लेखही नाही.

आता ज्यासाठी खरं तर लिहायला बसलो ते. लेखात म्हटलं आहे की टेक्सासात २०२१ पासून परवान्याचीही गरज नाही, त्यामुळे पुण्याहून आलेला इंजिनिअर पहिल्याच आठवड्यात पिस्तूल घेऊ शकतो. पहिला भाग बरोबर आहे. एकवीस वर्षांवरच्या आणि कायद्याने बंदी नसलेल्या माणसाला १ सप्टेंबर २०२१ पासून पिस्तूल बरोबर घेऊन फिरायला परवाना लागत नाही. दुसरा भाग धोकादायक आहे. एच-१बी (नोकरीच्या) किंवा विद्यार्थी व्हिसावरच्या माणसाला बंदूक विकत घेणंच काय, जवळ बाळगणंही केंद्रीय कायद्याने मना आहे. शिकारीचा परवाना वगैरे मोजके अपवाद सोडले, तर हा गुन्हा आहे आणि टेक्सासचा कायदा कितीही सैल असला तरी तो इथे कामाला येत नाही. ग्रीन कार्डवाल्याला चालतं. दुकानात जो फॉर्म भरावा लागतो त्यात हा प्रश्न सरळ विचारलेला असतो आणि खोटं उत्तर देणं हा वेगळा गुन्हा. तुमची पुरवणी इथली कितीतरी पोरं मोबाइलवर वाचतात. तुरुंग लांब राहिला, नुसती केस झाली तरी व्हिसा आणि नोकरी दोन्ही जातील.

लेख वाचून सांगलीहून पुतण्याचाही मेसेज आला, "काका, असलं छोटं पंचेचाळीस आपल्याकडे मिळेल का?" भारतात .४५ आणि ९ मिलिमीटर दोन्ही निषिद्ध बोअरमध्ये, म्हणजे सामान्यांना मना असलेल्या नळीच्या मापांत, येतात, सर्वसाधारण परवान्यावर ती मिळत नाहीत. ज्याला परवाना मिळतो तो बहुधा .३२ वर थांबतो. कानपूरच्या सरकारी कारखान्याचं 'निर्भीक' हे २०१४ साली आलेलं अर्ध्या किलोचं रिव्हॉल्व्हर त्याच बोअरचं. लेख मराठी वाचकांसाठी होता, तेव्हा हे दोन ओळींत सांगायला हवं होतं.

पंचेचाळीसबद्दलचं माझं म्हणणं छापावं की नाही, हा आपला प्रश्न. व्हिसाबद्दलची दुरुस्ती मात्र येत्या रविवारी, मूळ लेख होता त्याच पानावर, ठळक अक्षरांत छापावी ही विनंती.

कळावे,
आपला,
एक जुना वर्गणीदार,
केटी, टेक्सास